ब्रेक सुटायलाही हवा

आंबोली घाट उतरून सावंतवाडीकडे येत होतो. शेवटच्या वळणांवर करपट वास यायला लागला. पुढच्या ट्रकचा असेल म्हणून त्याला लांब जाऊ दिलं, तरी वास सोबतच. दाणोलीला गाडी बाजूला घेतली आणि एकेका चाकाजवळ हात नेऊन पाहिला. पुढचं उजवं चाक तापलेलं होतं. घाट उतरल्यावर ते तापणारच. पण पुढच्या डाव्या चाकाजवळ तळहात धरवेना, आणि वास तिथूनच येत होता. त्या चाकाचे ब्रेक पॅड जेमतेम आठ महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये नवे घातले होते.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीच्या मिस्त्रींनी चाक उतरवलं, दोन बोल्ट सोडले आणि दोन्ही पॅड काढून वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले. आतल्या बाजूचा पॅड चांगला जाड होता, अजून वर्षभर सहज चालला असता. बाहेरच्या बाजूचा झिजून नाण्याएवढा पातळ उरलेला, आणि त्याची कड उष्णतेने राखाडी पडलेली. मग त्यांनी बोटभर लांबीची एक पोलादी पिन पकडीत धरून पिळली. ती जागची हलेना. "ही पिन बघा, हलताच नाय," ते म्हणाले. "पॅड नवे घातल्यानी, पण हिका कोणी हातच लावूक नाय."

या पिनेला आणि तिच्यावरच्या चिमूटभर ग्रीसला मी एक अख्खं प्रकरण देतो आहे. गाडीतल्या दुर्लक्षित गोष्टींची यादी केली तर ही पहिल्या पाचांत येईल, आणि त्या पाचांतली सगळ्यात स्वस्तही हीच असेल.

आधी ब्रेक म्हणजे काय ते नीट पाहू. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाही, वेगाची उष्णता करतो. हजार किलोची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली असेल आणि ती पूर्ण थांबवायची असेल, तर सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत पाऊण लिटर पाणी उकळीला येतं. घाटात तर हिशेब आणखी मोठा होतो. हीच गाडी पाचशे मीटर उंची उतरली की पंधरा लिटर पाणी उकळेल इतकी ऊर्जा बाहेर पडते. ती थोडी हवेला जाते, थोडी इंजिनाला जाते. म्हणून तर घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा असं जाणते ड्रायव्हर सांगतात. उरलेल्या सगळ्या ऊर्जेची उष्णता चाकामागच्या ब्रेकमध्ये तयार होते.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतांश काम पुढच्या डिस्क करतात. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डिस्क, तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड, आणि त्या दोघांना डिस्कवर आवळणारं जड लोखंडी धूड म्हणजे कॅलिपर. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ मध्येच घेतलं होतं, पण त्या काळात पॅडसाठी योग्य पदार्थच नव्हता. धातूवर धातू घासून कर्णकर्कश आवाज व्हायचा. ही कल्पना खऱ्या अर्थाने जगाला पटली ती १९५३ मध्ये. त्या वर्षी फ्रान्समधल्या ल मां इथली चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली. ड्रम तापून ढिले पडणाऱ्या गाड्यांपेक्षा ही गाडी प्रत्येक वळणाआधी उशिरा ब्रेक मारू शकत होती, आणि तेही रात्रभर.

शर्यतीच्या गाड्यांच्या कॅलिपरमध्ये डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असतात. आपल्या रोजच्या गाड्यांमध्ये मात्र पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. बाहेरच्या बाजूला चाक आणि डिस्क यांच्यात जागाच फार थोडी असते, शिवाय एक पिस्टन कमी म्हणजे खर्चही कमी. मग बाहेरचा पॅड कोण दाबतं? इथे एक सुरेख युक्ती आहे. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. डिस्क तर बाजूला सरकत नाही. मग उलट धक्क्याने कॅलिपरचं अख्खं शरीरच आतल्या बाजूला सरकतं आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणून बसवतं. हे सरकणं ज्यांच्यावर होतं त्या दोन गुळगुळीत पिना, एक वर आणि एक खाली. गॅरेजमध्ये त्यांना गाईड पिन किंवा स्लायडर पिन म्हणतात. पिना कॅलिपरला बोल्टने पकडलेल्या असतात आणि कॅलिपरमागच्या ब्रॅकेटमधल्या खोल भोकांत आतबाहेर होतात. भोकाच्या तोंडाशी घडीघडीचा रबरी बूट असतो. तो धूळ आणि पाणी बाहेर ठेवतो, ग्रीस आत ठेवतो.

हे सरकणं किती? डोळ्याला दिसणारही नाही इतकं, मिलिमीटरच्या काही दशांशात मोजावं असं. पण ते प्रत्येक वेळी व्हायलाच हवं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. पिस्टनचा व्यास साधारण पाच सेंटीमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ वीस चौरस सेंटीमीटर होतं. जोरात ब्रेक मारला आणि ब्रेक ऑईलचा दाब चौरस सेंटीमीटरला पन्नास किलोपर्यंत गेला, तर पिस्टनमागे सुमारे हजार किलोंचा जोर उभा राहतो. म्हणजे अख्ख्या गाडीच्या वजनाएवढा. आता पाय उचलला. पॅड डिस्कवरून मागे कोण घेतं? ड्रम ब्रेकमध्ये शूज मागे ओढायला स्प्रिंगा असतात, इथे तशी स्प्रिंग नाही. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाची एक रबरी कडी असते. पिस्टन पुढे जाताना ही सील किंचित पिळली जाते. दाब गेला की ती सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. बस, इतकंच. बाहेरच्या पॅडच्या नशिबी तर तीही नाही. फिरत्या डिस्कच्या अतिशय बारीक डुगडुगण्याने तो बाजूला लोटला जातो, आणि कॅलिपर पिनांवर मोकळा असेल तरच बाजूला होऊ शकतो.

म्हणजे धरायला टनभर जोर आणि सोडायला रबराचा पीळ. पिनेवर थोडा गंज चढला तर टनभर जोर त्याला जुमानत नाही. ब्रेक लागतो, पायाला काही वेगळं जाणवत नाही, गाडी थांबते, मालक निश्चिंत असतो. पण सुटताना तोच थोडा गंज भिंतीसारखा आडवा येतो. बाहेरचा पॅड डिस्कला हलकासा टेकलेलाच राहतो आणि मैलोन्मैल घासत जातो. माझ्या गाडीत हेच झालं होतं. ब्रेक लागत नाही ही तक्रार घेऊन लोक धावत गॅरेजला जातात. ब्रेक सुटत नाही ही तक्रार मात्र पॅड, डिस्क आणि पेट्रोल खाऊन झाल्यावर लक्षात येते.

म्हणून काढलेले पॅड हे गाडीचं जणू हस्ताक्षर असतं, ते वाचता यायला हवं. बाहेरचा पॅड जास्त झिजलेला असेल तर बहुधा पिना जड झाल्या आहेत आणि कॅलिपर परत सरकत नाही. आतला जास्त झिजलेला असेल तर पिस्टन मागे येत नाही, किंवा पिना इतक्या पक्क्या बसल्या आहेत की कॅलिपर सरकणंच थांबलं आणि सगळं काम आतला पॅड एकटा करतो आहे. एकच पॅड पाचरीसारखा झिजला असेल, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, तर दोनपैकी एक पिन अडकली आहे आणि कॅलिपर तिरका आवळतो आहे. दोन्ही पॅड सारखे झिजले असतील तर ब्रेक निरोगी आहे. पॅड बदलून दिल्यावर जुने पॅड कचऱ्यात टाकून देणारा मेकॅनिक तुमच्या गाडीची सगळ्यात खरी माहिती फेकून देतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

चाक न काढताही काही खुणा मिळतात. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी पूर्वीसारखी घरंगळत नाही. एकाच चाकाची रिम ब्रेकच्या काळ्या भुकटीने दुसऱ्यांपेक्षा जास्त माखते. मायलेज घटतं, आणि कारण सापडत नाही. लांबच्या प्रवासानंतर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहण्याची सवय फार उपयोगी आहे. फक्त डिस्कला किंवा रिमला थेट हात लावू नका, पोळेल.

कोकणात आणि गोव्यात हा त्रास जास्त का होतो? चार महिन्यांचा पाऊस, पाणी साचलेले रस्ते, आणि किनाऱ्यालगत हवेतला खारेपणा. बुटाला एक सूक्ष्म चीर पडली की पाणी आत शिरतं. ते बाहेर पडायला वाट नसते, म्हणून आतच पिनेला खात राहतं. बर्फाच्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, तिथल्या गाड्यांचे कॅलिपर याच कारणाने अडकतात, आणि तिथे दरवर्षी पिना काढून साफ करणं हे जाणत्या मालकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. आपल्याकडे समुद्रच मीठ पुरवतो. उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे हाल याहून वाईट. मुंबई-पुण्यात नोकरी आणि गाडी गावच्या घरी, गणपतीला आणि मे महिन्यात काढायची, अशा गाडीच्या पिना वापराने नव्हे तर बसून बसून अडकतात. विद्युत गाड्यांनाही हे लागू आहे, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की त्या मोटरच्याच उलट जोराने हळू होतात, ती ऊर्जा बॅटरीत जाते आणि पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण पॅड झिजले नाहीत म्हणून ब्रेक उघडला जात नाही, आणि कमी वापरातला ब्रेक गंजायला मोकळा असतो.

आता ग्रीस. इथे थोडं मागे जातो, कारण या विषयातला मला सगळ्यात आवडणारा धागा इथे आहे.

बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे. त्यात एरंडेल वापरलं जायचं. दाट, चिकट, उन्हातही आसावरून ओघळून न जाणारं. या तेलाची मोहिनी फक्त आपल्यावरच नव्हती. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेलच घालत. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आलेलं आहे. आणि मोटारीत द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले तेव्हा सुरुवातीचं ब्रेक ऑईल म्हणजे एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण होतं. कारण रबर! ब्रेकच्या आतल्या सील आणि नळ्या तेव्हा नैसर्गिक रबराच्या असत. खनिज तेल, म्हणजे जमिनीतल्या तेलापासून बनलेलं कोणतंही तेल, या रबरात शिरतं आणि ते फुगवतं, मऊ करतं. एरंडेलाच्या रेणूंची जात वेगळी. त्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग एकाच मेदाम्लाचा, आणि त्या आम्लाच्या साखळीवर पाण्याशी नातं सांगणारा एक गट लटकलेला. त्यामुळे ते रबरात मुरत नाही. ब्रेकच्या रबरी भागांसाठी जे लाल ग्रीस वर्षानुवर्षं वापरात आहे, तेही मुळात एरंडेलाच्याच घराण्यातलं.

आज बूट आणि सील ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. ब्रेक ऑईल ग्लायकॉल जातीचं असतं आणि त्याच्याशी या रबराचं चांगलं जमतं. खनिज तेलाशी मात्र याचंही वैर नैसर्गिक रबराइतकंच पक्कं आहे. आणि गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलेल्या डब्यातलं पिवळं किंवा तपकिरी ग्रीस, जे चाकाच्या बेअरिंगला भरतात, ते खनिज तेलापासूनच बनलेलं असतं. हेच ग्रीस चांगल्या हेतूने पिनेला फासलं जातं. पहिले काही महिने पिन लोण्यासारखी सरकते. मग बूट फुगतो, तोंडाशी सैल पडतो, पाणी आत घेतो. काही पिनांच्या टोकावर थरथर रोखायला एक रबरी नळी बसवलेली असते. ती फुगली की भोकात घट्ट आवळून बसते आणि पिन जागीच जाम होते. चुकीचं ग्रीस घालण्यापेक्षा अजिबात न घातलेलं परवडलं, असं मला वाटतं. निदान त्या पिनेवर कोणी आंधळा विश्वास तरी ठेवत नाही.

पिनांसाठी सिलिकॉन ग्रीस हवं, किंवा डिस्क ब्रेकच्या पिनांसाठी म्हणून मुद्दाम विकलं जाणारं. ते रबराला अपाय करत नाही, पाण्यात धुऊन जात नाही आणि दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपासही टिकून राहतं. तांब्याची भुकटी घातलेलं ग्रीस वेगळ्या कामाचं आहे, ते पिनेला लावू नये. छोटी ट्यूब चार चाकांना पुरून उरते.

काम प्रत्यक्षात असं होतं. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, जॅकवर उचलल्यावर खाली पक्का स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, यात तडजोड नाही. चाक काढलं की कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट दिसतात, लहान गाड्यांत ते बहुधा बारा किंवा चौदा नंबरच्या पान्याला लागतात. ते सोडून कॅलिपर उचलला की तो कधीही ब्रेक ऑईलच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये. नळीच्या आतले पदर फाटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वरच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगला तारेने टांगून ठेवावा.

पिना हाताने बाहेर ओढाव्यात. वरची कोणती आणि खालची कोणती हे लक्षात ठेवावं, कारण अनेक गाड्यांत दोन्ही सारख्या नसतात. एखादीला खाच किंवा रबरी नळी असते. जुनं ग्रीस फडक्याने आणि ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसावं. भोकातलंही. इथे घाई झाली तर सगळं वाया, जुन्या काळ्या चिखलावर नवं ग्रीस म्हणजे मळकट पाटीवर पुन्हा लिहिणं. पिनेवर खड्डे पडले असतील तर ती घासून गुळगुळीत करत बसू नये, नवी घ्यावी. बुटाला चीर असेल तर नवा बूट, तो शंभर-दोनशेच्या आतबाहेर मिळतो. मग पिनेवर ग्रीसचा पातळ, सर्वत्र सारखा थर. भोक ग्रीसने भरायचं नाही. भरलं तर पिन आत जाताना हवा आणि ग्रीस दबून स्प्रिंगसारखे उलटतात आणि पिनेला बाहेर ढकलत राहतात. बसवल्यावर पिन बोटाने आत ढकलून पाहावी. ती बिनआवाज, एकसारखी सरकली पाहिजे आणि सोडल्यावर आहे तिथेच राहिली पाहिजे.

पिनांइतकीच दुसरी जागा म्हणजे पॅडचे कान ब्रॅकेटच्या ज्या खोबणीत सरकतात ती. तिथे स्टीलची पातळ क्लिप असते आणि क्लिपखाली गंज फुलून पॅडला आवळतो. क्लिप काढून तारेच्या ब्रशने खालचा गंज खरवडावा. कान टेकतात तिथे उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचं बोट फिरवलं तरी पुष्कळ. पॅडच्या घासणाऱ्या तोंडाला किंवा डिस्कला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. एकाच वस्तूत दोन इंचांच्या अंतरावर एक जागा निसरडी ठेवायची आणि दुसरी कोरडी ठक्क, हेच या कामातलं कौशल्य आहे. ब्रेकची भुकटी फुंकून उडवू नये, ती फुप्फुसांना चांगली नाही. ओल्या फडक्याने पुसावी.

आणि सगळं जोडून झाल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबावं. कॅलिपर परत बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून पहिल्या दाबाला पेडल तळाला जातं. हे विसरून गाडी बाहेर काढणाऱ्याचा पाय रिकाम्या पेडलवर पडतो आणि समोर गेट असतं.

हे काम स्वतः करायचं नसेल तर करू नका, पण करवून घ्या आणि उभं राहून पाहा. माझ्या मते वर्षातून एकदा पुरे, आणि समुद्रालगत राहणाऱ्यांनी ते दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, पाऊस सरल्यावर करावं. सर्व्हिसिंगच्या पावतीवर "ब्रेक क्लीनिंग" लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ कधी कधी फक्त चाक काढून फवारा मारणं एवढाच असतो. तेव्हा पुढच्या खेपेला मिस्त्रींना दोनच गोष्टी सांगा: पिना बाहेर काढून मला दाखवा, आणि चारही जुने पॅड कोणत्या बाजूचे ते खडूने लिहून माझ्याकडे द्या.